खंडेनवमीचे एकशे दहा ड्रिल

"मॅडम, एकशे दहा ड्रिल गेले कुठे?" देवरे साहेबांनी माझा रिपोर्ट टेबलावर आपटला. रिपोर्ट मीच दिला होता, त्यामुळे उत्तरही मीच द्यायला हवं होतं.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. अंबडच्या एमआयडीसीत देवरे साहेबांचा कारखाना होता, गाड्यांचे सुटे भाग बनवायचा. तिथे ईआरपी बसवायचं काम माझ्याकडे होतं. ईआरपी म्हणजे खरेदी, स्टोअर, उत्पादन, विक्री सगळं एकाच सॉफ्टवेअरमध्ये, एकमेकांना जोडलेलं. एकीकडे माल आला की दुसरीकडे आपोआप दिसणार. पण त्यासाठी सुरुवातीला स्टोअरमध्ये नेमका किती माल आहे तो आकडा भरावा लागतो. त्याला आम्ही ओपनिंग स्टॉक म्हणतो. तो चुकला की पुढचं सगळं चुकलं. साहेबांनी मुहूर्त काढला होता दसऱ्याचा, म्हणून मी आठवडाभर आधीच मोजणीला बसले.

रजिस्टरप्रमाणे बारा एमएमचे ड्रिल, म्हणजे मशीनला लावायची भोकं पाडायची टोकं, हवे होते तीनशे. रॅकवर निघाले एकशे नव्वद. मी तीनदा मोजले. तिसऱ्यांदा तर माझ्यावरच चिडून मोजले.

स्टोअर सांभाळायचे नाना बोरसे. अठरा वर्षं तिथेच. कानावर पेन्सिल, गळ्यात चाव्यांचा जुडगा, बोलणं मोजून-मापून. मी विचारलं, "नाना, हे काय?"

"मॅडम, मोजायचं तर खंडेनवमीनंतर मोजा."

झालं! माझं डोकंच फिरलं. तीन दिवस धूळ खाऊन बसले होते मी. म्हटलं, "नाना, मुहूर्त बघून ड्रिल उगवतात का?"

नानांनी कानावरची पेन्सिल काढली आणि ते रजिस्टरकडे वळले. मीही थांबले नाही. रिपोर्टमध्ये लिहिलं, 'तफावत एकशे दहा नग, स्टोअरकडून समाधानकारक खुलासा नाही.' वाक्य लिहिताना फार व्यावसायिक वाटलं होतं, खरं सांगते.

साहेबांनी ते वाक्य दोनदा वाचलं. "अठरा वर्षं या माणसावर डोळे मिटून विश्वास ठेवला मी," ते म्हणाले. "आता बास. दसऱ्याला नवीन सिस्टीम आणि नवीन स्टोअरकीपर. नानांना मी पूजेनंतर सांगतो."

मी नुसता आकडा लिहिला होता, चोरी हा शब्द लिहिला नव्हता. पण न लिहिताही तो सगळ्यांना वाचता येत होता. मी म्हटलं, "साहेब, एकदा परत मोजते." ते म्हणाले, "मोजा. फरक काय पडणार?"

खंडेनवमी म्हणजे दसऱ्याचा आदला दिवस. त्या दिवशी हत्यारांची पूजा, आणि कारखान्यात मशीनची. सकाळी मी पोचले तर शॉपवर, मशीन चालतात त्या भागात, नुसती धांदल. कोणी लेथ पुसतंय, कोणी झेंडूच्या माळा ओवतंय, कोणी आपलं कपाट रिकामं करून झाडतंय. आणि स्टोअरच्या खिडकीपुढे ही रांग! प्रत्येकाच्या हातात काहीतरी. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, जुना टिफिन, फडक्यात बांधलेली पुरचुंडी.

रांगेत सगळ्यात पुढे घोटीचा कैलास, ड्रिलिंग मशीनवरचा ऑपरेटर. त्याने डबा खिडकीत उपडा केला. खळ्ळकन नऊ ड्रिल. कोरे करकरीत.

"हे काय हो?" मी ओरडलेच.

"स्टोअरचं सामान स्टोअरला देतोय, मॅडम. दर खंडेनवमीला देतो," तो म्हणाला. "लपवलेलं कपाटात ठेवून मशीनला कुंकू कसं लावायचं? बरं दिसतं का ते?"

"पण लपवलं कशाला?"

"आमची शिफ्ट सातला लागते. स्टोअर उघडतं साडेआठला. सव्वासातला ड्रिल तुटला तर काय हातावर हात ठेवून बसायचं? तयार नग कमी निघाले की सुपरवायझर लय बोलतो. म्हणून परत्येकाकडं चार-पाच जादा असत्यात. नाना देतात."

मी नानांकडे वळले. "चिठ्ठी न फाडता देता?"

"तुटलेला ड्रिल परत आला की खर्चाची चिठ्ठी फाडतो," नाना शांतपणे म्हणाले. "जे वापरलंच नाही ते खर्च कसं लिहू? माल कंपनीचाच आहे, कंपनीतच आहे."

घ्या! हिशेब त्यांचा बरोबर होता. फक्त माझ्या सॉफ्टवेअरमध्ये कैलासच्या कपाटाला जागा नव्हती.

आम्ही दोघांनी तिथेच मोजायला घेतले. रांग संपली तेव्हा एकशे सात भरले. "अजून तीन," मी म्हटलं. नाना मला शॉपवर घेऊन गेले. तीन ड्रिल तीन मशीनला नुकतेच लावलेले, कोरेच, वर झेंडूची माळ. मी तिथल्या तिथे माझ्याकडच्या प्रतीतलं रिपोर्टचं ते पान फाडलं आणि साहेबांना बोलावून आणलं.

साहेबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नाना, अहो मला सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर तुम्ही कपाटं उघडायला लावली असती, साहेब," नाना म्हणाले. "वीस माणसांची झडती झाली असती. त्यापेक्षा चार दिवस माझ्यावर संशय राहिला, तो परवडला."

साहेबांनी नानांचा हात धरला आणि पूजेचा नारळ त्यांच्या हातात दिला. "फोडा तुम्हीच." मला तर मान वर करवेना. म्हटलं, "नाना, चुकलंच माझं. माफ करा."

"माफी राहू द्या. पेढा घ्या आधी," नाना म्हणाले.

दसऱ्याला सिस्टीम सुरू झाली. तीनशेचा आकडा नानांनीच टाइप केला, एका बोटाने, शून्य शोधत शोधत. आणि त्याच दिवसापासून स्टोअर सातला उघडायचं ठरलं. नाना म्हणाले, "मी पहाटे फिरायला उठतोच, तिकडून इकडे येईन." पुढच्या खंडेनवमीला खिडकीपुढे रांग नव्हती. कपाटात ठेवायची गरजच कोणाला उरली नव्हती.

देवरे साहेब मात्र भेटेल त्याला सांगायचे, "सॉफ्टवेअर घेतलं आणि आमचं स्टोअर सुधारलं." मी कधी दुरुस्त केलं नाही. त्या शिफारशीवर मला अंबड-सातपूरला आणखी चार कामं मिळाली. त्या प्रत्येक ठिकाणी आकडा जुळला नाही, की मी आधी स्टोअर किती वाजता उघडतं ते विचारलं. रिपोर्ट लिहायला नंतर बसले.