सरांनी घेतलेलं औषध

माझा मित्र रघुनाथ सकपाळ गेल्याचा फोन महाडहून वहिनींनी केला. "भावोजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या. कारण विचारावं लागलं नाही. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती, आणि डायलिसिस त्याने स्वतःच बंद केलं होतं.

रघुनाथ पोलादपूरच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायचा. वर्गात कुणी काही ठामपणे सांगितलं की विचारायचा, "कशावरून?" साप दूध पितो, कशावरून? मुलांनी त्याचं नावच 'कशावरून सर' पाडलं होतं. त्याला ते माहीत होतं, आवडतही होतं.

आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला येणारा एखादं औषध घेऊनच येतो. मुळी, अंगारा, कुणाचा तरी काढा. रघुनाथ चहा पाजून त्यांची बोळवण करायचा. मग जहाजावर नोकरीला असलेला त्याचा मेहुणा सिंगापूरहून एक चिनी डबा घेऊन आला. वाळवलेली पाल, गांडुळं आणि रेशमाचे किडे यांची भुकटी, मूत्रपिंडासाठी. रघुनाथने मला मुंबईला फोन केला, "पेपरवाला ना तू? जरा पुरावा काढ."

काढला. मूत्रपिंडाच्या एका डॉक्टरांनी शोधनिबंध दाखवले. बरेचसे उंदरांवरचे. माणसांवरचे होते ते मोजक्या रुग्णांवरचे, तुलनेला धड दुसरा गट नसलेले. डायलिसिस सोडून यावर राहावं, असं त्यांत कुठेच नव्हतं. महाडला जाऊन त्याला सगळं सांगितलं. तो हसला. "म्हणजे पाल फुकट मेली म्हण."

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा डबा अर्धा झाला होता. "कशावरून?" मी विचारलं.

"अरे, पुरावा डायलिसिसच्या बाजूने आहे, मान्य. पण डायलिसिस मुंबईत आहे. एसटीने जायचं, यायचं, पुन्हा दोन दिवसांनी तेच... डबा घरात आहे."

जवळपास तेव्हा ती सोय नव्हती.

तो गेल्यावर महिन्याभराने वहिनींकडे गेलो. फडताळात डब्याच्या जागी गोल डाग होता. पोलादपूरजवळच्या कापडे गावची एक बाई डबा मागून घेऊन गेली होती. तिचा नवरा रघुनाथचा जुना विद्यार्थी, त्यालाही हेच दुखणं.

"ह्यांना गुण आला नाही, हे मी तिला सांगितलं हो," वहिनी म्हणाल्या. "तर म्हणते, सर तपासल्याबिगर घ्यायचे नाय. काय तरी हाय त्यात."

"तो मुंबईला जातो ना, डायलिसिसला?"

"आता नाही जात म्हणाली."

वहिनींनी पदराने डाग पुसायला घेतला. तो निघाला नाही.