अस्वलाची तपासणी

पृथ्वी गोल आहे ही गोष्ट आमच्या आतोबांनी केवळ ती मोजायला तेवढा मोठा व्हर्निअर मिळत नाही म्हणून मान्य केली असावी. बाकी जगातली कुठलीही वस्तू मोजल्याशिवाय, टिचकी मारून ऐकल्याशिवाय आणि एक डोळा मिटून उजेडाकडे धरल्याशिवाय त्यांनी आजवर खरी मानलेली नाही. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. जबलपूरच्या एका संरक्षण कारखान्यात ते पस्तीस वर्षं तपासनीस होते. तिथे तयार होणारा प्रत्येक भाग त्यांच्या टेबलावरून जायचा आणि ते त्यावर खडूनं खूण करायचे: हिरवी म्हणजे पास, पिवळी म्हणजे दुरुस्तीला परत, लाल म्हणजे भंगार. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. घड्याळ दिवसाला चाळीस सेकंद मागे पडतं, असं आतोबांनी तिसऱ्या दिवशी कारखान्याला लेखी कळवलं. नंतर बाजारातून तीन रंगांचे खडू आणले आणि जबलपुरातल्याच महाराजपूरच्या राहत्या घराचा कारखाना करून टाकला.

मी बालाघाटहून इंजिनिअरिंग शिकायला आलो तो थेट त्यांच्याच घरी. पायातल्या चपला काढेपर्यंत माझ्या ट्रंकेवर पिवळी खूण झाली होती. “कडी ढिली आहे,” एवढंच ते म्हणाले, आणि मी पाणी पिऊन येईपर्यंत पेचकस घेऊन खाली बसलेसुद्धा. त्यांच्या घरात हिरव्या खुणेचा पंखा होता, पिवळ्या खुणेचं दार होतं आणि लाल खुणेचा एक शेजारी होता. म्हणजे खूण त्याच्या स्कूटरवर केली होती, पण रोख सगळ्यांना कळला होता. आठवडी बाजारात ते खिशातून गेज काढून लिंबं मोजायचे. “अंकल, नींबू है, गोला नहीं है,” असं भाजीवाली दर वेळी म्हणायची आणि दर वेळी त्यांच्यासाठी वेगळी काढून ठेवलेली लिंबं पुढे करायची. डॉक्टरनं ताप मोजला की हे खिशातून स्वतःचा थर्मामीटर काढून दोन्हींनी डॉक्टरचा ताप मोजायचे, कारण दोन उपकरणं एकमेकांशी ताडून पाहिल्याशिवाय आकड्यावर विश्वास कसा ठेवायचा? आत्याच्या पोळीच्या कडेला कधी पिवळा ठिपका दिसला तर आत्या तो पदरानं पुसायची आणि तीच पोळी त्यांच्याच ताटात वाढायची. ते मुकाट्यानं खायचे. आत्याला पाहायला गेले तेव्हा म्हणे त्यांनी पोह्यांची बशी उचलून तळ तपासला, त्यात केसाएवढी चीर सापडली, आणि त्या भानगडीत मुलगी पाहायचीच राहून गेली. “बशी रिजेक्ट झाली म्हणून मी पास झाले,” असं आत्या अजूनही सांगते आणि आतोबा अजूनही लाजतात.

अशा माणसाच्या घरात काही लपवून ठेवणं म्हणजे मूर्खपणाच, पण मी तो तिसऱ्या वर्षाला असताना केला. माझा एक विषय दोनदा राहिला होता. कुठला पदार्थ किती ताण सोसेल आणि कुठे मोडेल हे शिकवणारा तो विषय, आणि त्यानं मलाच मोडायला घेतलं होतं. तिसऱ्यांदा राहिला असता तर वर्ष गेलं असतं. बाबांना मी पहिल्यांदा राहिला तेव्हाच ‘सगळे विषय निघाले’ असं सांगून बसलो होतो, त्यामुळे दुसऱ्यांदा खरं सांगायची सोय उरली नव्हती. तिसऱ्या परीक्षेचा पेपर आला नेमका पंधरा फेब्रुवारीला. आणि त्याच वर्षी माझं एका मुलीशी जमलं होतं.

मुलगी माझ्याच वर्गातली, जबलपुरातच विजयनगरला राहणारी, मराठी घरातली. घरी आई मराठीत बोले आणि ही हिंदीत उत्तर देई, त्यामुळे माझ्याशी बोलताना तिची मराठी अर्ध्या रस्त्यात हिंदीच्या गाडीत बसायची. ती हुशार होती आणि मी तिला आवडतो याचं मला रोज नव्यानं आश्चर्य वाटायचं, म्हणून राहिलेल्या विषयाचं मी तिलाही सांगितलं नव्हतं. पण फेब्रुवारी लागला आणि माझी झोप उडाली. प्रेमाचा एक दिवस असतो एवढंच मला माहीत होतं. मित्रांनी सांगितलं की आठवडा असतो. एक दिवस गुलाबाचा, एक चॉकलेटचा, एक वचनाचा, एक अस्वलाचा. म्हणजे प्रेमालाही सात युनिटांचा अभ्यासक्रम होता, आणि माझी इकडे आधीच्याच विषयाची पाच युनिटं बाकी होती.

खरं सांगायचं तर त्या दिवसाचा मला राग नव्हता. बडा फुहाऱ्याच्या बाजारात साड्यांच्या दुकानांच्या मधोमध लाल फुगे लटकायचे, एरवी चाळण्या आणि टिफिन विकणारा दुकानदार दारात कापसाची हृदयं मांडून बसायचा, आणि मला ते सगळं बघायला आवडायचं. आपल्यालाही कुणासाठी काहीतरी घ्यायचं आहे, या विचारानं छाती फुगायची. घेतलं नाही तर काय होईल, या विचारानं लगेच फुस्स व्हायची. तिनं कधी काही मागितलं नव्हतं. तीच तर अडचण होती. मागितलं असतं तर निदान प्रश्न कळला असता. शेवटी मी एक लाल अस्वल घेतलं. पोट दाबलं की ते इंग्रजीत ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ असं म्हणायचं, आणि ते माझ्यापेक्षा फार सफाईनं म्हणायचं. चौदा तारखेला सकाळी अकरा वाजता विजयनगरच्या एका कॅफेत भेटायचं ठरलं. मी खोकं चकचकीत कागदात बांधून पलंगाखाली सरकवलं आणि सकाळी अंघोळीला गेलो.

आतोबांच्या घरातून बंद खोकं न तपासता बाहेर गेल्याची नोंद नाही. मी अंघोळ करून आलो तेव्हा खोकं जागेवरच होतं. फक्त चिकटपट्टी मी लावली होती त्यापेक्षा सरळ लागलेली होती. मला वाटलं, घाईत आपल्याच हातून चांगलं काम झालं. मी ते उचललं आणि निघालो.

कॅफेत फुगे इतके होते की ती कुठल्या टेबलावर बसली आहे हे शोधायला मला वेळ लागला. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, पण मी ते पाहूनही पाहिलं नाही, कारण त्या दिवशी फक्त छान बोलायचं असतं अशी माझी समजूत होती. तिनं खोकं उघडलं. अस्वलाच्या तळपायावर हिरवी खूण होती आणि कानाला दोऱ्यानं एक कागद बांधलेला होता. ते अक्षर आतोबांचं होतं. तिला वाटलं मी कविता लिहिली आहे. ती हौसेनं, अडखळत, मोठ्यानं वाचू लागली.

“वस्तू: अस्वल, लाल, एक नग. डावा कान उजव्यापेक्षा चार मिलिमीटर मोठा. पोट पन्नास वेळा दाबून पाहिले, प्रत्येक वेळी बोलले. शिवण मजबूत. वस्तू पास.” इथे ती हसली. मी कागद घ्यायला हात पुढे केला, तिनं तो लांब धरला. “देणारा: भाचा, एक नग. आठवडाभर नीट जेवलेला नाही. पुस्तकाचे तेच पान तीन दिवस उघडे. गादीखाली गुणपत्रिका सापडली. विषय दोनदा राहिला आहे, घरी सांगितलेले नाही. उद्या तिसऱ्यांदा पेपर आहे. बापाला भितो त्यापेक्षा तुम्हाला जास्त भितो. सध्या यावर भार टाकू नये. दुरुस्तीनंतर उत्तम चालेल. खूण: पिवळी.”

शेजारच्या टेबलावरचे दोघंही ऐकत होते. मी मान खाली घालून आता ती उठून जाईल याची वाट पाहत होतो. ती उठली नाही. तिनं कपाळ टेबलावर टेकलं आणि तिचे खांदे हलायला लागले. रडते आहे की हसते आहे हे मला कळेना. मग तिनं तोंड वर केलं, तर दोन्ही चालू होतं.

“पागल, आधी सांगायचं ना!” ती म्हणाली. “माझा प्रोजेक्ट सोमवारी द्यायचा आहे, आधा भी नहीं हुआ. मी दोन दिवस तुझ्यासाठी गिफ्ट शोधून राहिली आणि रडून राहिली. मला यायचंच नव्हतं आज. पर तुला वाईट वाटलं असतं ना!”

“मलाही यायचं नव्हतं,” मी म्हणालो. प्रेमात पडलेल्या दोन माणसांनी त्या दिवशी त्या कॅफेत एकमेकांना याहून गोड काही सांगितलं असेल असं मला वाटत नाही. छातीवरची गच्च बसलेली शिळा कुणीतरी दोन हातांनी उचलून बाजूला ठेवावी, तसं मला झालं.

“अच्छा, कुठे अटकलास?” तिनं विचारलं आणि बॅगेतून पेन काढलं. पुढचा दीड तास तिनं हृदयं छापलेल्या कागदी रुमालांवर तुळया काढल्या, त्यांच्यावर वजनं टांगली आणि त्या कुठे वाकतात ते मला दाखवलं. वेटर मधेच येऊन म्हणाला, “सर, कपल ऑफर में केक फ्री है.” आम्ही तोही खाल्ला. आठवड्याभरात मी पहिल्यांदाच चव घेऊन काही खात होतो. मग ती प्रोजेक्ट करायला घरी गेली, आणि मी भांडायला.

“आतोबा, तुम्ही माझं खोकं काहून उघडलं?” मी दारातूनच ओरडलो.

“तपासल्याशिवाय मी काही बाहेर जाऊ देत नाही,” ते शांतपणे म्हणाले. “अस्वल चांगलं आहे. कुठून घेतलं?”

“आणि माझ्याबद्दल काहून लिहिलं?”

“अरे, अस्वलात खोट नव्हती, तुझ्यात होती. ज्याला माल मिळून राहिला त्याला सांगायची की नाही? लपवलेली चीर कामाच्या वेळेस फुटते बेटा. आम्ही पस्तीस वर्षं तेच तर शोधून राहिलो.” मग त्यांनी स्वतःचा फोन माझ्या हातात दिला. “चलो. आता बाबाला सांग. मी इथंच बसतो.”

मी सांगितलं. “तिसऱ्यांदा?” बाबांनी विचारलं. मी हो म्हणालो. “बरं,” ते म्हणाले, “मला आत्तापर्यंत का नाही सांगितलंस?” आणि त्यांचा आवाज रागावल्यासारखा नव्हता, दुखावल्यासारखा होता. मी रडलो. आतोबा तेवढा वेळ खिडकीच्या कडीला तेल घालत माझ्याकडे पाठ करून उभे राहिले, आणि आत्यानं न विचारता भात वाढला. त्या दिवशी मी दुपारी जेवून जो झोपलो तो संध्याकाळी उठलो, आणि उठलो तेव्हा डोकं धुतल्यासारखं स्वच्छ होतं. विषय निघाला, जेमतेम, पण निघाला.

ती मुलगी आणि मी पुढे दोन वर्षं बरोबर होतो. मग ती बंगळुरूला गेली, मी पुण्याला आलो, आणि भांडण न होता आमचं बोलणं कमी होत गेलं. तिचं लग्न झालं, माझंही झालं. आता फेब्रुवारीत माझ्या ऑफिसातसुद्धा टेबलाटेबलावर गुलाब ठेवतात आणि सगळ्यांनी फोटो काढायचा असतो. मी काढून घेतो. बायकोसाठी फूलही नेतो. तिला आवडतं, आणि ती तिनंच मला स्पष्ट सांगितलेली गोष्ट आहे. पण त्या दिवशी मी पहिला फोन जबलपूरला लावतो.

गेल्या काही वर्षांत आतोबांची वर्षं एकमेकांत मिसळायला लागली आहेत. कधी मला बाबांच्या नावानं हाक मारतात, कधी कारखान्याची बस चुकेल म्हणून सकाळीच तयार होऊन बसतात. आत्या त्यांच्याशेजारी बसून राहते आणि बस आज सुट्टीवर आहे असं सांगते. यंदा मी फोन केला तेव्हा अकरा वाजले होते, मी बैठकीला निघालो होतो. आत्यानं फोन त्यांच्या कानाला लावला.

“पेपर कसा गेला?” त्यांनी एकदम विचारलं.

त्या पेपराला बारा वर्षं झाली. मी जिन्यातच थांबलो. माझ्या मनातून तो केव्हाच उतरला होता, आणि आतोबा मात्र इतकी वर्षं तिथं एकटेच माझी वाट पाहत बसले होते, याचं मला फार वाईट वाटलं.

“चांगला गेला, आतोबा.”

“सगळे प्रश्न सोडवले?”

“सगळे.”

“चलो, बरं झालं,” ते म्हणाले आणि त्यांनी सोडलेला श्वास मला फोनवर ऐकू आला. “मी काळजी करून राहिलो होतो. आता जेव आणि झोप.”

बैठकीत मी काय बोललो ते मला आठवत नाही. पुढच्या वर्षीही त्यांनी विचारलं, तर पेपर चांगलाच गेलेला असेल.