रांगेतले काका

“फोनवर नंबर? मग इथं उभं कोणी राहायचं?” कुसैसच्या क्लिनिकचं कुलूपही अजून निघालं नव्हतं, आणि आमच्या वरच्या मजल्यावरचे काका दाराला चिकटवलेल्या नव्या नोटिशीवर ओरडत होते.

काकांइतका धडधाकट आजारी माणूस उभ्या आखातात झाला नाही. मुलाच्या दहावीसाठी काकू त्याला घेऊन पुण्याला परतल्या, आणि विमान हवेत गेल्या क्षणापासून काकांना रोज एक नवा रोग जडू लागला. त्या क्लिनिकात सगळा कारभार नर्सचा. सकाळी रांगेत उभं राहिलं की त्याच दिवशीचा नंबर मिळे. तपासायची सिस्टरच, डॉक्टर अगदीच अडलं तर. काका सूर्याच्या आधी घडीची खुर्ची, थर्मास आणि खोकला घेऊन हजर! त्या खोकल्यानं पलीकडे शारजात लोक खिडक्या लावून घेत, हे मी शपथेवर सांगतो. नंबर हातात पडला की मात्र खोकला खलास, आणि काका अख्ख्या रांगेचे यजमान. पेशावरच्या टॅक्सीवाल्याला चहा, केरळच्या बाळंतिणीला ओव्याच्या धुरीवर व्याख्यान. तापानं फणफणलेलं पोर दिसलं, की आपला पहिला नंबर त्याच्या आईच्या हातात कोंबायचे. “यल्ला, जाओ! मेरा रोग रुकेगा,” म्हणत आनंदानं रांगेच्या शेपटाला. शेवटी सिस्टर बीपी बघून म्हणायची, “अंकल, आप तो घोडा है. खाना खाया?” हे ‘खाना खाया’ ते मला संध्याकाळभर ऐकवायचे.

आता रांग बंद. सकाळी फोन करा, त्याच दिवशीची वेळ घ्या. बाकी सगळे खूश. तरी काका काही दिवस खुर्ची आणि थर्मास घेऊन तिथं जाऊन बसले. चहा प्यायला एक मांजर यायचं, तेही बिनदुधाचा बघून निघून जायचं.

शेवटी एका सकाळी थर्मास घेऊन निघालेल्या काकांना मीच घरी बोलावून फोन लावून दिला. पलीकडे तीच सिस्टर. “बोलो अंकल, तकलीफ क्या है?”

रोगांचं अख्खं दुकान बाळगणारा हा माणूस “कुछ नहीं,” एवढंच म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

“अहो काका, काहीतरी सांगायचंत! घरबसल्या आजचा नंबर मिळत होता.”

थर्मासचं झाकण घट्ट करत काका म्हणाले, “रांग नाही ना पण.”