इंजिन गेलं, असं ओरडायचं काम माझं होतं

माझ्या नातीने विमान पाडलं नाही. विमान पडलं.

फरक कळत नसेल तर पुढे वाचू नका.

आज स्नेहलला जाऊन वर्ष झालं. मी चौथी शिकलेली, एका बोटाने लिहिते. चुका काढू नका.

ती मोठ्या कंपनीत पायलट. एकदा इथे मांजरी गावात घरी आली तेव्हा म्हणाली, "आजी, वर गेलं की ऑटोपायलट लावतो. हाताने उडवणं थोडंच असतं."

मी भाकरी थापत होते. म्हणलं, "म्हणजे उडवतं मशीन आणि पगार घेतेस तू? मी चार महिने थापली नाही तर माझीसुद्धा भाकरी फाटते."

ती हसली नाही.

तेव्हापासून सुट्टी मिळाली की फ्लाइंग क्लब. छोटं विमान, सगळं हाताने.

आणि घरी असली की माझं स्वयंपाकघर.

स्टुलावर बसायची, डोळे मिटून. डाव्या हातात लाटणं, ते विमानाचं सुकाणू. उजवा हात चमच्यांच्या ड्रॉवरच्या मुठीवर. ती म्हणे थ्रॉटल, इंजिनाचा जोर कमी-जास्त करायची.

"आजी, तू मध्येच ओरडायचंस, इंजिन गेलं! कधी ओरडणार ते सांगायचं नाही."

मी फोडणी घालता घालता ओरडायचे. एकदा शेजारीण धावत आली, सिलिंडर फुटला म्हणून.

ती लगेच सुरू. "नाक खाली. स्पीड धर. समोर मोकळी जागा बघ. मागे वळायचं नाही."

"मागे का नाही गं? धावपट्टी तर मागेच ना?"

"उंची पुरत नाही आजी. वळायला गेले ते मेले."

माझं सगळं पाठ झालं. तिने जरा उशीर केला की मी म्हणायचे, "मेलीस. परत कर."

ती परत करायची.

गेल्या वर्षी अशाच एका सुट्टीला सकाळी क्लबात खरंच इंजिन गेलं. उडाल्या उडाल्या. विमानात ती एकटीच.

तेराव्याला हडपसरचे चुलत दीर लाडू खात म्हणाले, "पोरीचा हात कच्चा असणार. घाबरली असेल."

मी त्यांना आणखी एक लाडू वाढला.

परवा चौकशीचा रिपोर्ट आला. सुनेने, स्नेहलच्या आईने, वाचून दाखवला, मध्ये दोनदा उठून आत गेली.

नाक खाली होतं. स्पीड बरोबर होता. मागे वळली नाही. समोरच्या उसात सरळ उतरवलं. चाकंसुद्धा टेकली.

पुढे उसात विहिरीचा कठडा होता. वरून दिसत नव्हता, विमान त्यावरच आदळलं.

हाताची चूक एकही नाही. भावजी, लाडू पचला असेल. आता हे पचवा.

राहिलं माझं. मी टोमणा मारला नसता तर त्या सुट्टीला ती घरात लोळत पडली असती.

"आजी, तुमचा काय दोष" असं खाली कुणी लिहू नका. मी विचारलेलं नाही.

आज सकाळी भाकरी थापताना तोंडातून निघून गेलं, इंजिन गेलं!

ड्रॉवर हलला नाही.

श्रद्धांजली वाहणारे वाहतील. मला एवढंच म्हणायचंय.

स्नेहल, सगळं बरोबर केलंस.

आता परत करायचं नाही.