हलणाऱ्या खोलीची सजावट

घर सजवण्याचे किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. कोपऱ्यातल्या चिंध्यांसारखे ते आपोआप साठतात. माझे साठले ते एका धास्तीपोटी. आमची पिंकी धुळ्याकडे माझ्या आईजवळ वाढली. सुरतेत नवागामला खोली मिळाली तेव्हा कुठे तिला आणली. तर रोज संध्याकाळी ही बाई चपला घालून दारात उभी! "आई, घरी कधी जायचं?" मला झोप लागेना. पोरीला ही खोली कधी आपली वाटलीच नाही तर?

बारावीला मला गृहशास्त्र होतं. 'कमी खर्चात गृहसजावट' हा धडा तर तोंडपाठ. म्हटलं, आता तरी उपयोग होईल!

*

धडा म्हणतो, पडद्याने घराला स्वतःची ओळख मिळते. आमचे हे बमरोलीच्या एका डाइंग मिलमध्ये. तिथून छपाई बिघडलेलं साडीचं कापड जवळजवळ फुकट मिळालं. केशरी पोपट, चोची भलतीकडेच! मी झालर लावून पडदा शिवला. आठवड्याभरात बघते तर चाळीत दारोदार पोपट! सगळ्यांच्या नवऱ्यांनी तोच माल आणलेला.

एका दुपारी पिंकी दिसेना. ऊर फुटेस्तोवर धावले. ती शेजारच्या शोभाताईंकडे खिचडी खात बसलेली.

"पोपट बघून आत आली," शोभाताई म्हणाल्या. "आता नवरे चुकले नाहीत म्हणजे मिळवली!"

सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि घरी येऊन रडले.

*

फिकट रंगाने खोली मोठी दिसते. म्हणून चुन्यात मिलमधली चिमूटभर गुलाबी पावडर टाकली. डिंक घालायचा तेवढा राहिला. भिंत छान दिसली, पण जो टेकेल त्याच्या पाठीवर उतरली! हे तसेच ड्यूटीवर गेले. सुपरवायझर म्हणाला, "केम भाई, होळी रमीने आव्या?" होळी खेळून आलात का?

संध्याकाळी यांनी शर्ट माझ्यापुढे टाकला. "झाली का खोली मोठी?" एवढंच विचारलं.

पिंकी चपला घालून उभीच होती.

*

खिडकीसमोर आरसा लावला की उजेड दुप्पट होतो म्हणे. आमच्या खिडकीतून गटार दिसतं. शोभाताई दारातूनच म्हणाल्या, "वा! आता दोन गटारं झाली की!"

आरसा मी उतरवला नाही. एवढा तरी हट्ट असावा माणसाला.

*

आमच्या खाली लूमचं खातं, म्हणजे यंत्रमागाचा कारखाना आहे. यंत्रं सुरू झाली की अख्खी खोली थरथरते, फळीवरच्या ताटल्या वाजतात. वीज गेली की सगळं गप्प. मग पिंकी हातातला घास तसाच धरून विचारते, "बंद पडलं?"

अशा खोलीत मी 'फोकल पॉइंट' म्हणून सूर्यास्ताचं चित्र टांगलं! सकाळी सरळ, दुपारी तिरकं, संध्याकाळी थेट खाली, डब्यांच्या मागे. हे म्हणाले, "आपल्याकडे सूर्य रोज वेळेवर मावळतो."

पिंकी ते उचलून माझ्या हातात द्यायची. मग एक पाऊल मागे जाऊन पुन्हा चपला घालायची.

*

आखाजीला, म्हणजे आमच्या खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेला, आम्ही माहेरी गेलो. अंगणात झोका बांधलेला. आजीला पाहून पिंकी अशी बिलगली की मी मनात म्हटलं, संपलं. आता ही परत येत नाही. तिचे कपडे मी पिशवीतून काढून आईच्या पेटीत ठेवायला घेतले.

संध्याकाळी पिंकीने घरभर एक फेरी मारली. भिंतीवरची देवाची तसबीर बराच वेळ निरखली. सरळच होती. मग खाली बसून जमिनीवर तळहात टेकवून पाहिला. उठली, चपला घातल्या आणि दारात जाऊन उभी राहिली.

"कथा चालनी वं माय?" आईने विचारलं. कुठे निघालीस?

पिंकीने तिच्याकडे अगदी कीव आल्यासारखं पाहिलं.

"आजी, तुझं घर बंद पडलंय."