जामीन राहिलों

"मीनल, पॅनल सहा. ओके? नेक्स्ट?" केल्विनने दुसऱ्यांदा विचारलं.

मी भिंतीवरच्या स्क्रीनकडे बघत होते. प्रदर्शनात लावायच्या पॅनल सहावर मधोमध एका कोटटोपीवाल्या कारकुनाचा फोटो होता, खाली इंग्रजी मजकूर, आणि या सगळ्याच्या मागे, फिक्या तपकिरी रंगात, शोभेसाठी पसरलेलं कुणाचं तरी हस्ताक्षर. डिझायनर त्याला टेक्स्चर म्हणतात. ते टेक्स्चर मराठी होतं. आणि मला ते वाचता येत होतं.

"एक मिनिट थांब," मी म्हटलं. "हा मजकूर खोटा आहे."

केल्विन माझा बॉस. आमचं ऑफिस सिंगापूरच्या बुओना व्हिस्टा भागात. आम्ही जुने कागद स्कॅन करून त्यांची सूची बनवतो. प्रत्येक कागदामागे आमच्या शीटमध्ये एक ओळ असते: कागद कुणी लिहिला, कुणाला, कशाबद्दल. याला मेटाडेटा म्हणतात. शेवटच्या रकान्यात तपासणाऱ्याचं नाव येतं. पुण्याहून इथे येऊन मला अठरा वर्षं झाली, त्यातली अकरा मी हेच काम करते आहे.

हे काम एका खासगी फाउंडेशनचं होतं. त्यांना बंदरातून आलेल्या-गेलेल्या माणसांवर प्रदर्शन भरवायचं होतं. इंग्रजांच्या काळातल्या एका बड्या अधिकाऱ्याचे खासगी कागद त्यांनी लिलावात घेतले होते. त्यातली एक फाइल ज्यूंची होती. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून जीव मुठीत धरून निघालेले ज्यू बोटीने इकडेही येत. त्यांना उतरू द्यायचं की नाही यावर सरकारी पत्रापत्री चाले. उतरून राहायचं तर दोन जामीनदार लागत: एक इथला, एक बाहेरचा. हा माणूस सरकारवर भार होणार नाही, झालाच तर मी बघेन, असं लिहून देणारे.

व्हिएन्नाचा एक डॉक्टर, त्याची बायको आणि लहान मुलगी काही आठवड्यांच्या तात्पुरत्या परवान्यावर इथे उतरले होते. एका शिपिंग कंपनीतल्या कारकुनाने त्यांना घरी ठेवून घेतलं आणि पहिला जामीन दिला. फोटोतला तो हाच. शालोम नागावकर. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू. दुसऱ्या जामिनासाठी त्याने मेहुण्याला लिहिलं. मेहुणा अलिबागजवळच्या नागावात तेलाचा घाणा चालवायचा. त्याला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून त्याने मराठीतच लिहिलं आणि पत्र थेट सरकारी ऑफिसला पाठवलं.

पॅनल सहा काय सांगत होतं? 'जामीनदाराच्या मेहुण्याने आयत्या वेळी हमी न दिल्यामुळे डॉक्टर कुटुंबाला पुढच्या बोटीने परत जावं लागलं.' आणि त्यामागच्या टेक्स्चरमध्ये, त्याच मेहुण्याच्या हातची ओळ होती:

'डॉक्टरसाहेबांचे कुटुंबास जामीन राहिलों. आतां आमचेकडून कांहीं राहिलें नाहीं.'

"त्याने हमी दिली होती," मी म्हटलं. "इथे लिहिलंय. तुमच्या डोक्यावर लिहिलंय."

फाउंडेशनतर्फे फेलिसिया आली होती. हुशार बाई, लंडनला शिकलेली. तिने लॅपटॉपवर टाइप केलेलं जुनं भाषांतर काढलं. त्या काळी ऑफिसातल्याच कुणी तरी केलेलं. ते असं होतं: 'अ‍ॅज टु द डॉक्टर्स फॅमिली, शुअरिटी रिमेन्स.' म्हणजे जामीन राहिला आहे. बाकी आहे. दुसरं वाक्य भाषांतरात नव्हतंच.

"रिमेन्स," फेलिसिया म्हणाली. "शब्द तोच आहे ना?"

"तोच आहे आणि तो नाही." मला हे समजावून सांगताना घाम फुटला. "आमच्यात भाजी आणायची राहिली म्हणजे आणली नाही. मी ठाण्यात राहते म्हणजे तिथे माझं घर आहे. आणि मी जामीन राहिलो म्हणजे मी उभा राहिलो. जबाबदारी घेतली. हे सगळं एकाच क्रियापदात आहे, त्याला मी काय करू!"

"पण मशीन ट्रान्सलेशननेही रिमेन्सच दिलं," केल्विन म्हणाला. "आणि शीटमध्ये नेटिव्ह स्पीकर चेक्ड आहे. ग्रीन टिक. नाव बघ."

नाव माझं होतं.

आता हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते. ती टिक मी वाचून केलेली नव्हती. पत्राला आधीच इंग्रजी भाषांतर जोडलेलं, तेही जुनं, सरकारी, टाइप केलेलं. त्या आठवड्यात माझ्यापुढे चारशे ओळी होत्या. मी इंग्रजी वाचलं आणि मराठीवर टिक केली. मराठी कागद आला की तो आपोआप माझ्या नावावर पडायचा, आणि माझ्या नावावर पडला की तो तपासला गेला असं सगळे धरून चालायचे. त्यात मीही आले. कोकणातल्या त्या माणसाचं मराठी पहिल्यांदा ज्याने कुणी बिघडवलं, त्याच्याखाली मी ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनी सही केली होती.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "म्हणून तर म्हणतेय, थांबवा."

"शुक्रवारी प्रिंटला जातंय, लाह," केल्विन त्याच्या सिंगापुरी लकबीत म्हणाला. "शब्दाचा अर्थ काहीही असो, भाषांतर ऐतिहासिक कागद आहे. आपण कोट करतोय. आपण काही कोर्ट नाही."

मी मीटिंगमधून उठून गेले. असं मी या नोकरीत आधी कधी केलं नव्हतं.

त्या दुपारी सगळी फाइल पुन्हा काढली. या वेळी एकेक कागद वाचला. आणि जसजशी वाचत गेले तशी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मेहुण्याच्या पत्रामागे जामिनाचा छापील फॉर्म होता. भरलेला. खाली मराठीत सही, शेजारी गावच्या पाटलाची सही. त्यावर इथल्या सरकारी ऑफिसचा पोचल्याचा शिक्का होता. स्पष्ट, निळा, सरळ मारलेला. एका तटस्थ देशाच्या कॉन्सलने डॉक्टरसाठी शब्द टाकला होता, त्याला सरकारने उत्तर धाडलं ते या शिक्क्यानंतर चार दिवसांनी. उत्तर असं: दुसऱ्या जामीनदाराच्या स्वतःच्याच पत्रावरून दिसते की हमीची पूर्तता बाकी आहे, अशा स्थितीत सरकारचा नाइलाज आहे. कॉन्सलने आभार मानले. सरकारने त्या आभारांची पोच दिली. इतकी सभ्य पत्रं! तीन माणसांना बोटीवर चढवायचं होतं आणि हे एकमेकांना आदरपूर्वक प्रणाम करत होते.

पण खरी गोष्ट भाषांतराच्या कागदावर होती. 'शुअरिटी रिमेन्स'च्या शेजारी समासात पेन्सिलीने तीन शब्द. अक्षर त्या बड्या अधिकाऱ्याचं. मी त्याचे शेकडो कागद पाहिलेत, त्याचं अक्षर मी झोपेतही ओळखेन. 'धिस विल सर्व्ह.'

एवढ्याने काम भागेल.

म्हणजे भाषांतर करणाऱ्या बिचाऱ्याला मराठी येत नसेल, हिंदीवर वेळ मारून नेली असेल, त्याला मी माफ करते. पण फॉर्म या अधिकाऱ्याच्या टेबलावर होता. त्याला माणसं नको होती, कारण एकाला घेतलं की दुसरे येतील. ते तोंडाने म्हणायची लाज वाटत होती, म्हणून त्याला एक निमित्त हवं होतं. ते त्याला एका मराठी क्रियापदात सापडलं.

डॉक्टर कुटुंबाचं पुढे काय झालं ते फाइलमध्ये नाही. बोटीचं नाव आहे.

दुसऱ्या दिवशी मी इथल्याच क्वीन्सटाउन भागात गेले. शालोम नागावकरांची मुलगी तिथे एका जुन्या ब्लॉकमध्ये एकटी राहते. साराबाई, वय एकोणनव्वद. फोटो तिनेच फाउंडेशनला दिला होता, पण उद्घाटनाला येणार नाही असं कळवलं होतं. तिच्याशी मराठीत बोलणारं कुणी तिला कित्येक वर्षांत भेटलं नव्हतं. तिने मला नारळाच्या दुधातला हलवा दिला आणि माझ्या तोंडाकडे बघत बसली.

"बोल गो," ती म्हणाली. "काय पण बोल. ऐकायला बरं वाटतं."

"साराबाई, तुमच्या मामांबद्दल विचारायचं होतं."

तिचा चेहरा मिटला. "त्यांचं नाव या घरात घेत नाय."

मग हळूहळू तिनेच सांगितलं. डॉक्टरची मुलगी तिच्या शेजारी चटईवर झोपायची, एवढं तिला आठवत होतं. एक दिवस बाबा ऑफिसातून आले आणि आईला म्हणाले, तुझ्या भावाने आपल्याला बुडवलं, तो सही करायला नाय म्हणाला, साहेबाने मला कागद वाचून दाखवला. आईचा विश्वास बसेना. पण सरकारी कागद! बाबांनी मेहुण्याला नको ते लिहिलं. मामांचं उत्तर आलं, मी सही करून पाठवली होती. बाबांनी ते खोटं समजून फाडलं. त्यानंतर नागावहून पत्र आलं नाही. पुढे मामा वारले तेव्हा आईला ते परक्याकडून कळलं.

"सगळ्या पोरींना आजोळ असतं," साराबाई म्हणाली. "मला नव्हतं. मला कुणी कैऱ्या पाठवल्या नाय, लग्नात मामा उभा राह्यला नाय. माझी आई जाईपर्यंत भावाला बोल लावत होती, आणि रडत होती."

मी टॅब्लेटवर पत्र मोठं केलं आणि वाचून दाखवलं. मी काही समजावलं नाही. समजावण्याची गरजच पडली नाही. वर्षानुवर्षं मराठी न बोललेल्या त्या बाईला ती ओळ एका दमात कळली.

"जामीन राह्यला की तो!" ती म्हणाली. "मामा राह्यला जामीन!" मग म्हणाली, "आणि साहेबाला म्हायती होतं?"

मी पेन्सिलीचे शब्द दाखवले. ते तिला माझ्याशिवाय वाचता आले. मला वाटलं, ती रडेल. ती रडली नाही. टेबलावर इतक्या जोरात हात आपटला की हलव्याची बशी उडाली.

ऑफिसात परत आले तोवर फेलिसियाचा ई-मेल आला होता. आदल्या रात्री मी पाठवलेले फॉर्मचे आणि पेन्सिलीच्या शब्दांचे फोटो बघून तिने मधला मार्ग काढला होता. पॅनलवर असं लिहावं, 'या पत्राच्या भाषांतराबाबत मतभेद आहेत.'

मी तिला फोन केला. "कुणाचे मतभेद? मराठी येणाऱ्या एका माणसाचं नाव सांग ज्याचा मतभेद आहे."

"मीनल, बॅलन्स्ड भाषा ठेवावी लागते. ट्रस्टींना वाद नको आहे."

"त्या साहेबालाही वाद नको होता," मी म्हटलं. "त्याचीही भाषा फार बॅलन्स्ड होती."

केल्विन माझ्या टेबलापाशी येऊन उभा होता. त्याने हळूच विचारलं, "क्लायंटशी असं बोलतात?" मी शीट उघडली, माझ्या नावासमोरची हिरवी टिक काढली आणि लिहिलं: रिजेक्टेड. माझ्या सहीशिवाय करारानुसार मजकूर प्रिंटला जात नाही. केल्विन म्हणाला, दुसऱ्या कुणाची तरी सही घेऊ. मी म्हटलं, घे. मराठी वाचणारं शोध, आणि त्याला ती ओळ वाचायला लाव. तो शोधायला गेला नाही.

पण सामना जिंकणारी मी नव्हते. त्याच संध्याकाळी साराबाईने फेलिसियाला स्वतः फोन लावला. काय म्हणाली ते फेलिसियानेच मला नंतर सांगितलं, "यू टेक डाउन माय फादर. माय अंकल अ लायर, देन माय फादर कॅन नॉट स्टँड देअर." फोटो परत द्या, एवढंच. त्या फोटोशिवाय पॅनल सहावर फक्त टेक्स्चर उरणार होतं.

शुक्रवारची प्रिंट सोमवारवर गेली. नवा मजकूर फेलिसियाने लिहिला, आणि मान्य करायला हवं, माझ्यापेक्षा चांगला लिहिला. तीन वाक्यं. दोन्ही जामीन दिले गेले होते. दुसरा पोचल्याचा शिक्का फॉर्मवर आहे. सरकारने कॉन्सलला तो बाकी असल्याचं कळवलं. शेजारी पेन्सिलीच्या शब्दांचा मोठा फोटो. पत्र मागून पुढे आलं, ठळक शाईत, खाली माझं भाषांतर.

फेलिसियाने आणखी एक केलं, जे तिच्या कामात बसत नव्हतं. मुंबईत चौकशा करून मामांच्या नातीचा नंबर मिळवला. फ्लोरा, सत्तरीची, ठाण्याला असते. एका रविवारी साराबाईच्या घरी मी व्हिडिओ कॉल लावून दिला.

"कोण? सिंगापूरची आत्या?" फ्लोराबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज सावध होता. "आमच्या घरात सांगायचे, सिंगापूरवाल्यांनी आमच्या आजोबांना खोटारडं म्हटलं. आजोबा शेवटपर्यंत म्हणायचे, मी सही केली होती."

"केली होती," साराबाई म्हणाली. "मी बघितली. आम्हाला माफ कर गो. चूक आमची."

"असं नका म्हणू आत्या. आमचेही मग हट्टालाच पेटले. पुन्हा लिहायला हवं होतं आम्ही. तुम्हीच माफ करा."

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले. रडायला नव्हे, संतापाने. दोन म्हाताऱ्या, ज्यांनी काही म्हणजे काही केलं नव्हतं, एकमेकींची माफी मागत होत्या. ज्याने मागायला हवी होती तो पेन्शन घेऊन, कागद नीट बांधून मेला. त्याची फाइल मी हाताळलेल्या फाइलींमध्ये सगळ्यांत व्यवस्थित आहे. पानांना क्रमांक आहेत, दोरी तशीच आहे, एक चिठ्ठीसुद्धा गहाळ नाही.

नव्या पोरांना शिकवताना मी आता सांगते: गहाळ कागदांनी घाबरू नका. सगळे कागद जागच्या जागी असतील, तेव्हा दोनदा वाचा.