शेजारची गार चूल

माझ्या सासूबाईंचा देवावरही पुरता विश्वास नव्हता, तिथे निर्वासितांचा काय पाड! फाळणीनंतर सिंधमधून आलेलं एक कुटुंब आमच्या आर्वीच्या घरात मागच्या खोलीत भाड्यानं राहायला आलं, तेव्हापासून सासूबाईंचे कान भिंतीपलीकडेच असत. नवरा सायकलवर कापडाचे गठ्ठे बांधून रोहण्याकडे फेरीला जाई, बायको पापड लाटी. एक लहान मुलगा. सासूबाई म्हणत, इतकं गोड बोलणारी माणसं काहीतरी झाकत असतात. मलाही तसंच वाटे.

त्या श्रावणात गावात देवीची साथ आल्याची कुजबुज होती. माझी मुलगी रांगायलाही लागली नव्हती, तिला देवी टोचायची राहिली होती. सासूबाईंचा थोरला मुलगा देवीनंच गेलेला. तेव्हाच्या शेजाऱ्यांनी आपल्या घरातली देवी लपवली होती, हे त्या विसरल्या नव्हत्या.

एका सकाळी शेजारची चूल पेटलीच नाही. आमच्याकडे देवी आलेल्या घरात फोडणी देत नाहीत, तळण काढत नाहीत. त्यात त्यांचा मुलगा दोन दिवस अंगणात दिसला नव्हता. मग शेजारीण ताट घेऊन आमच्या दाराशी आली. मी मुलीला पदराखाली घेतलं, कडी लावली आणि बाळ झोपलंय म्हणून आतूनच सांगितलं.

दुपारी सासूबाई उठल्या. "पोराले देवी निंगाली अन् बाई लपवून राह्यली. सांजेच्या आत खोली खाली झाली पायजे."

मी त्यांच्यामागे गेले, पण दोन पावलं लांबच थांबले. त्यांनी शेजारणीच्या दारात उभं राहून विचारलं, "चूल काऊन नाई पेटवली?"

"आज हमारे यहाँ चूल्हा नहीं जलाते, माँजी. शीतलामाता को ठंडा रखते हैं, फिर बच्चों को माता नहीं निकलती."

स्वयंपाक तिनं आदल्या दिवशीच करून ठेवला होता. विझलेल्या चुलीला कुंकू लावलेलं होतं. मुलगा कोपऱ्यात गुळाची गार पोळी खात होता, पायाला चिंधी बांधलेली. बाभळीचा काटा मोडला होता म्हणे. सासूबाईंना हे पटेल तर ना! त्यांनी त्याचा सदरा वर करून पाठ पाहिली, पोट पाहिलं, चिंधीसुद्धा सोडायला लावली. काटाच होता.

शेजारणीनं सकाळचंच ताट पुढे केलं. त्यातली एक पोळी तिनं माझ्या मुलीच्या नावानं मातेपुढे ठेवली होती. खोलीचा विषय सासूबाईंनी काढला नाही. पोळी मात्र मला खाऊ दिली नाही. कोणी काय घातलं असेल कोण जाणे, म्हणून ती गाईपुढे टाकली आणि संध्याकाळपर्यंत गाईवर नजर ठेवली. गाय मजेत रवंथ करत होती.

त्या वर्षी आमच्या गल्लीत कोणालाच देवी आली नाही.

पुढच्या श्रावणात शेजारणीनं चूल विझवली, तशी सासूबाईंनी आमचीही सारवून गार ठेवली.

"त्याइची देवी खरी का खोटी, मले का माईत," त्या म्हणाल्या. "पण पोरगी आपली एकच हाये."

आम्ही आदल्या दिवशीच्या भाकरी घेऊन अंगणात बसलो. समोरच्या घरातली बाई कुंपणाशी उभी राहून धूर न निघणाऱ्या आमच्या घराकडे एकटक पाहत होती. मग तिनं आपली मुलं आत ओढली आणि दाराला कडी लावून घेतली.